गाळा सोडल्यानंतर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात आम्हा दोघा भावांचे गॅरेज होते. जुन्या जीपगाड्या पूर्ण खोलायच्या आणि गिऱ्हाइकाला हव्या तशा नव्याने बांधून द्यायच्या, हा आमचा धंदा. २००४ साली तो सुरू केला आणि ३१ मार्च २०२२ रोजी बंद केला. मधल्या अठरा वर्षांत एकसष्ट जीपगाड्या आमच्या हाताखालून गेल्या.

आमच्या मोहल्ल्यात धंदा बंद होणे म्हणजे घरात मयत होण्यासारखेच. माणसे भेटायला येतात, चहा घेतात आणि उठता उठता हळूच विचारतात, "कर्ज किती झालं?" कर्ज झाले नव्हते. भावाभावांत बिनसले का, असेही काहींनी आडून विचारून पाहिले. आमचे रोजच बिनसत असे, पण ते बोनटच्या बिजागरीवरून. मग बंद का केले? आणि बंद केलेच, तर दर रविवारी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा जीपच का खोलत बसता? या दोन प्रश्नांची उत्तरे तोंडी देऊन देऊन कंटाळलो, म्हणून लिहायला बसलो. थोरला सांगतो, धाकटा लिहितो, पटले नाही तर एकमेकांचे खोडतो. त्यातून जे उरले ते दोघांचे.

आमचे अब्बा वडापच्या गाड्यांचे मिस्त्री. ज्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रात प्रवास केला असेल, त्यांना वडाप म्हणजे काय हे सांगायला नको. गारगोटी, गडहिंग्लज, पन्हाळा, कुठेही जायचे असो, एस.टी. चुकली की वडाप. दहा जणांच्या जीपमध्ये वीस माणसे, टपावर बोचकी आणि मागच्या फळीवर एका पायावर उभा असलेला क्लीनर. या ओझ्याखाली कमान-पाटे मोडत, चॅसीला चिरा पडत, स्टिअरिंग सैल होई. गाडी रात्री यायची आणि पहाटेच्या पहिल्या फेरीला ती रस्त्यावर हवी असायची, कारण तिच्यावर मालकाची, ड्रायव्हरची आणि क्लीनरची अशा तीन घरांची चूल चाले. कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली अब्बा चॅसीला पट्टी मारत पडलेले असत आणि आम्ही दोघे आळीपाळीने पाना देत असू. पाना मागितल्यावर चुकीच्या मापाचा दिला तर ते काही बोलत नसत. नुसता परत करीत. आमचे शिक्षण असे झाले.

अब्बांना जीपचा इतिहास तोंडपाठ होता. नव्या माणसाला ते हमखास विचारत, "महिंद्र अँड महिंद्रचं आधीचं नाव काय, सांग." समोरच्याला येत नसे. १९४५ साली ती कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' असे होते आणि धंदा पोलादाचा होता. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव बदलले. विलीज जीप जोडण्याचे काम तिने हाती घेतले ते याच सुमारास. "अर्धं नाव गेलं, पण अक्षरं तीच राहिली," असे म्हणून अब्बा हसत. एम अँड एम. यात त्यांना काय गंमत वाटे ते लहानपणी कळत नसे. आता थोडे कळते.

१९९६ साली एका साखर कारखान्याच्या लिलावातून अब्बांनी एक मोडकी जीप सुट्या भागांसाठी आणली. एमएम-५४०, आत प्यूजोच्या परवान्यावर बनलेले डिझेल इंजिन. इंजिन वापरायचे आणि बाकी भंगारात घालायचे, असा त्यांचा बेत होता. आम्ही ती मागून घेतली. थोरला तेव्हा एकोणीस वर्षांचा, धाकटा सोळाचा. पैसे नव्हतेच. अब्बांचे काम संपल्यावर उरलेला गॅस, उरलेला वेल्डिंग रॉड आणि उरलेला उजेड यांवर अडीच वर्षांत ती गाडी उभी राहिली. हूड आम्ही स्वतः शिवले, अम्मीच्या मशीनची सुई तीनदा मोडून.

तीच जीप रस्त्यात पाहून शिरोळ तालुक्यातल्या एका ऊस बागायतदाराने विचारले, "असली एक करून द्याल का?" त्याला करून दिली. त्याच्या मेहुण्याला हवी झाली, मेहुण्याच्या मित्राला हवी झाली. २००४ साली गाळा घेतला, दाराशी पाटी लागली. ज्या गोष्टीसाठी आम्ही झोप मोडत होतो तिचे कोणी पैसे देते आहे, याचेच तेव्हा अप्रूप वाटत असे.

काम कसे चाले ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की जीप 'सजवून' देणे म्हणजे रंग आणि दिवे. आधी गाडी पूर्ण उघडी करायची. बॉडी उचलून बाजूला, इंजिन खाली, चाके काढून चॅसी चार घोड्यांवर. मग ओळंबा सोडून चॅसीचे बिंदू खाली फरशीवर खडूने उतरवायचे आणि दोरीने कर्णांची मापे घ्यायची. दोन्ही कर्ण सारखे आले तर चॅसी सरळ. वडापच्या जुन्या गाडीत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक नेहमीचा. तो काढल्याशिवाय वर कितीही देखणी बॉडी बसवा, गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरकी धावते. त्यानंतर पत्रा. आमचे पत्र्याचे मिस्त्री अब्बांच्या बरोबरीचे, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. ताणून सैल झालेला पत्रा ते गॅसने लालसर तापवत आणि ओले फडके मारून आवळत. हातोडी आणि डॉली यांच्यामध्ये पत्रा असा काही बसवत की लांबी भरायची वेळच येऊ नये. लांबीचा त्यांना तिटकारा. खिशात लोहचुंबक असे. दुसऱ्या गॅरेजमधून आलेल्या गाडीवर तो फिरवत, आणि जिथे चुंबक धरत नसे तिथे बोट ठेवून म्हणत, "यहां झूट भरा है."

एका गाडीला चार महिने लागत. कधी सहा. माणसे पाच, शिवाय आम्ही दोघे. गाळ्याचे भाडे, वीज, गॅस, रंग आणि शनिवारचा पगार. गिऱ्हाईक पैसे टप्प्याटप्प्याने देई, आणि खर्च मात्र रोजचा. खोलल्याशिवाय गाडीत काय काय कुजले आहे ते कळत नाही, आणि खोलण्याआधी भाव सांगावा लागतो. ही या धंद्याची जुनी अडचण आहे, जगात सगळीकडे आहे. एका गाडीत मिळाले ते दुसऱ्या गाडीत जाई. तरीही पहिली दहा-बारा वर्षे बरी गेली. बरकत होती म्हणा.

आमच्या गॅरेजचे दिवस भरले त्याला एकच कारण नव्हते. ती एकामागून एक आली.

पहिले कारण गिऱ्हाइकाची बदललेली आवड. सुरुवातीचा बागायतदार शेतात आणि घाटात चालेल अशी गाडी मागे. पुढे मागणी आली ती मिरवणुकीत उठून दिसणाऱ्या गाडीची. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीत बनणाऱ्या उघड्या जीप लोकांनी पाहिल्या होत्या. तशीच उंच, तशीच रुंद चाकांची, पुढे जाड नळ्यांचा गार्ड. रुंद चाकांनी स्टिअरिंगवर किती ताण येतो आणि उंच गाडी वळणावर कशी कलंडते, हे आम्ही समजावून सांगत असू. गिऱ्हाईक ऐकून घेई आणि म्हणे, "ते असू दे, पण फोटोत कशी दिसेल?"

दुसरे कारण कायदा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत करायच्या बदलांविषयी आहे. २००० साली ते कडक करण्यात आले, पण अंमल सैलच राहिला, आणि देशभर अशी कामे उघड्यावर चालत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून पुढच्या गार्डांवर कारवाई करायला सांगितले. पायी चालणाऱ्याला त्याची जबर इजा होते आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामातही अडथळा येतो, म्हणून. ते योग्यच होते. मग ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत बदल करता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरपासून दंडाची नवी तरतूद आली. अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. निकाल वर्तमानपत्रात वाचला त्याच आठवड्यात आम्ही तसली कामे घेणे थांबवले. ठरलेल्या दोन गाड्यांचे आगाऊ पैसे परत केले. धंद्याचा जवळजवळ निम्मा भाग तिथेच संपला.

तिसरे कारण पाणी आणि आजार. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस कोल्हापूरची वाट बंद राहिली. ती झळ भरून निघायच्या आत मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर, पुन्हा तोच रस्ता बंद. पुराने ज्यांची उभी पिके कुजली त्यांना जीपच्या हप्त्याची आठवण द्यायला आमची जीभ रेटत नव्हती.

आणि चौथे कारण, खरे म्हणजे सगळ्यात मोठे. २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली. आम्ही चार महिने घाम गाळून जे बांधत होतो ते कंपनी कारखान्यातून तयार देऊ लागली. कडक छप्पर हवे तर कडक, उघडणारे हवे तर उघडणारे. वर एअरबॅग, वॉरंटी आणि बँकेचे कर्ज. आमचा एक जुना गिऱ्हाईक सरळ म्हणाला, "भाईजान, तुमच्या कामाला तोड नाही. पण तुमच्या जीपला बँक कर्ज देत नाही आणि थारला दारात येऊन देते." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. २०१८ साली आम्ही पाच गाड्या बाहेर काढल्या होत्या, २०२१ साली एक.

डिसेंबर २०२१ मध्ये एका रात्री आम्ही हिशेब मांडला. अजून कर्ज नाही, पण आणखी सहा महिने गाळा चालवला तर होईल. पगार देण्यासाठी ज्या दिवशी कर्ज काढावे लागेल, त्याच्या आधल्या दिवशी थांबायचे, हे अब्बांचे सांगणे होते. थोरला म्हणाला, रमजानच्या आधी आवरून टाकू, म्हणजे ईदला सगळ्यांच्या हातात काहीतरी पडेल. त्या वर्षी रमजान एप्रिलच्या सुरुवातीला लागत होता. म्हणून ३१ मार्च.

धंदा सुरू करायला जितके कागद लागतात त्याहून जास्त तो बंद करायला लागतात. जीएसटीची नोंदणी रद्द करून घेतली, अंतिम विवरणपत्र भरले, वीजजोडणीचे डिपॉझिट मागितले. कॉम्प्रेसर, प्रेस आणि मोठा वेल्डिंग सेट विकून पाच जणांचा हिशेब भागवला. एक पोरगा शारजाला बॉडी शॉपमध्ये गेला. दोघे शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागले. एकाने थारचे सुटे सामान बसवून देण्याचे छोटे दुकान टाकले, आणि ते आमच्या गॅरेजपेक्षा बरे चालते. चाचांचे वय तेव्हा त्रेसष्ट. त्यांना कोण ठेवणार? शोरूममध्ये दबलेला दरवाजा सरळ करत नाहीत, बदलतात. आवळायला पत्राच नसेल तर पत्रा आवळणाऱ्या हाताचे काय काम? ते म्हणाले, "मैं देखता हूं मेरा," आणि टिफिन घेऊन निघून गेले.

आम्हा दोघांना नोकऱ्या मिळाल्या. थोरला शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या देखभाल विभागात, धाकटा एका वाहन विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये. महिन्याच्या सात तारखेला पगार बँकेत जमा होतो. पहिल्या महिन्यात तो जमा झाल्याचा संदेश फोनवर आला तेव्हा घरात कोणीच काही बोलले नाही, पण त्या रात्री आम्ही दोघेही खूप वर्षांनी सलग झोपलो. हे सांगायला हवे. गॅरेज गेल्याचे दुःख होते यात शंका नाही, पण शनिवारची धास्ती गेली हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहतात.

नोकरीला लागल्यावर सहा-सात महिन्यांनी शेडमधली ताडपत्री उचलली.

तिच्याखाली १९६८ सालची महिंद्र सीजे-३बी उभी होती. अब्बांनी घेतलेली, अब्बांच्या नावावरची. गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात ती चौदा वर्षे पडून होती, कारण गिऱ्हाइकाची गाडी आधी. दिव्याखाली अंधार म्हणतात तसे. ३बीचे बोनट इतर जीपपेक्षा उंच असते, आणि त्याला कारण आहे. विलीजने १९५३ साली हे मॉडेल काढले तेव्हा त्यात नवे हरिकेन इंजिन बसवले. २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बोनट वर उचलावे लागले. दिसायला ती थोडी ठेंगण्या माणसाने उंच टोपी घातल्यासारखी दिसते. गाळ्यावर हिला पाहून लोक म्हणत, बोनट कापून खाली घ्या, छान दिसेल. अब्बा म्हणत, "टोपी काढली तर डोकं कुठं ठेवणार?"

या गाडीवरून आमचा पहिला वाद झाला. थोरल्याचे म्हणणे, डिझेल इंजिन घालू, पॉवर स्टिअरिंग बसवू, पुढे डिस्क ब्रेक करू. अठरा वर्षे तेच केले, हाताला तीच सवय. धाकट्याचे म्हणणे, काहीच बदलायचे नाही. वाद दोन रविवार चालला. मिटवला तो सरकारने. जुलै २०२१ मध्ये जुन्या वारसा-गाड्यांसाठी नवे नियम निघाले आहेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नूतनीकरणाचे पाच हजार. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर न्यायची. थोरल्याने नियम दोनदा वाचून घेतले आणि डिस्क ब्रेकचा नाद सोडला. ज्या सरकारी कागदाने आमचा धंदा उठवला, त्याच जातीच्या दुसऱ्या कागदाने आमच्या छंदाला नंबर देऊ केला. अट एकच, जशी होती तशी ठेवा.

ही अट पाळणे वाटले होते त्यापेक्षा अवघड आहे. गाळ्यावर एखादा भाग मिळाला नाही तर दुसऱ्या गाडीचा बसवून मोकळे होता येई. इथे तसे चालत नाही. तुटलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डसाठी आम्ही मुंबईत कुर्ल्याच्या आणि पुण्यात जुन्या बाजाराच्या खेपा केल्या. मिळाला तो आमच्याहून जास्त तडकलेला. शेवटी तो कोल्हापुरातच ओतून घेतला. ओळखीच्या साचेवाल्याने लाकडी साचा करून दिला. बीड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा धरावा लागतो. पहिला नग आतून पोकळ निघाला. दुसरा बरा आला, पण बोल्टची भोके जुळेनात. तिसरा बसला. तीन नगांना चार महिने. गाळा असता तर चार महिन्यांत आख्खी जीप बाहेर पडली असती, आणि इथे एक मॅनिफोल्ड! पण त्या चार महिन्यांत एकदाही कोणाचा फोन आला नाही की गाडी कधी देणार.

फरक नेमका इथे आहे असे आम्हाला वाटते. धंद्यात काम किती चांगले करायचे हे गिऱ्हाइकाच्या पैशावर आणि तारखेवर ठरते. त्याला कोणाचा इलाज नाही. मागच्या फळीची खालची कड गंजली असेल तर तेवढीच कापून पट्टी जोडायची, घासून रंग मारायचा, गाडी सोडायची. ते खोटे काम नव्हते, पण आणखी दोन दिवस दिले असते तर अधिक खरे झाले असते, हे आम्हाला आणि चाचांना माहीत असे. शेडमध्ये तेच काम तीन रविवार चालले. कड पूर्ण उलगडली, आतला गंज काढला, पत्रा पुन्हा दुमडून बसवला. ते बाहेरून दिसतही नाही.

हे चाचांनीच केले. आणि इथेच आम्हाला एक गोष्ट शिकायला मिळाली.

गाडीच्या पत्र्याला हात घालायची वेळ आली तेव्हा आम्ही चाचांच्या घरी गेलो. म्हणालो, चाचा, रविवारी या, जुने दिवस आठवू, बिर्याणी करू, अब्बांची गाडी आहे. चाचांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मजुरी क्या दोगे?" आम्ही क्षणभर गप्प झालो. आमच्या तोंडावरचा भाव त्यांना दिसला असावा. म्हणाले, "शौक तुमारा है बेटा, हात हमारा है. हात की मजुरी लगतीच."

ते बरोबर होते. आम्हाला सात तारखेला पगार मिळतो, म्हणून आमच्या रविवारला छंद म्हणता येते. त्यांच्या रविवारला तो रविवार असल्याचीच खबर नाही. गॅरेज बंद झाल्यापासून ते ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना पत्रे ठोकत होते, मिळेल त्या भावाने. ज्या हाताने साठाहून जास्त जीपगाड्यांचे पत्रे घडले त्याला आम्ही बिर्याणीवर बोलावत होतो. नऊशे रुपये रोज ठरला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी हात धुऊन झाले की आधी तो त्यांच्या हातात पडतो. घरात एकदा विचारणा झाली, हा छंद आहे की दुसरा संसार? हिशेब दाखवला. वर्षाला चाळीस रविवार धरले तर छत्तीस हजार. बिडी-सिगारेट, पान-तंबाखू आम्हा दोघांनाही नाही. तेवढे समजून घेतले गेले.

गाड्यांची गॅरेजे आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मोटारदुरुस्तीचा उल्लेख मुस्लिम कामगार मोठ्या संख्येने असलेल्या धंद्यांमध्ये आहे. भांडवल नाही, पदवी नाही, तेव्हा पोराला दहाव्या-बाराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली सोडायचे, हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो रस्ता चांगला होता असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या पोरांना आम्ही त्यावर सोडले नाही. थोरल्याची मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करते आहे आणि धाकट्याचा मुलगा शाळेत आहे. पण त्या रस्त्याने जे हुन्नर आले ते कुठल्या पुस्तकात उतरलेले नाही. पत्रा किती लाल झाल्यावर फडके मारायचे, हे चाचांना विचारले तर म्हणतात, "मालूम पडता." आता तो 'मालूम' कोणाकडे जाणार?

छंदाने हुन्नर जिवंत राहते, असे पूर्वी आम्हाला वाटे. आता तेवढी खात्री नाही. छंद फार तर त्याला सांभाळतो. ते पुढे जायचे असेल तर त्याच्यावर कोणाचे तरी पोट चालले पाहिजे. आमच्या शेडमध्ये एका माणसाचे आठवड्यातले एका दिवसाचे पोट चालते. एवढाच आमचा वाटा, आणि तो फार मोठा आहे असा आमचा समज नाही. गेल्या वर्षापासून मोहल्ल्यातला एक पोरगा येऊ लागला आहे. आयटीआयला इलेक्ट्रिशियन आहे. त्याला जीपचे काही पडलेले नाही, गॅसच्या ज्योतीचे वेड आहे. चाचांनी त्याचेही दोनशे रुपये ठरवून घेतले. म्हणाले, फुकट शिकणारा टिकत नाही.

या गोष्टीचा शेवट गाडी रस्त्यावर आली असा सांगता आला असता तर बरे झाले असते. तशी ती अजून आलेली नाही. चॅसी झाली, इंजिन बसले, पहिल्या किकला नाही पण चौथ्या-पाचव्याला सुरू होते. दोन दांड्यांचा फोर-व्हीलचा गिअर चोख पडतो. पुढची काच पूर्वीसारखी बोनटवर आडवी झोपते. रंग बाकी आहे, बैठका बाकी आहेत, पासिंगचे कागद बाकी आहेत. डावे मडगार्ड अजून जमिनीवर आहे. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे पुढच्या महिन्यात आहे. तोवर गॅसपासून लांब राहायला डॉक्टरांनी सांगितले आहे. मडगार्डवर त्यांनी खडूने फुल्या मारून ठेवल्या आहेत आणि आम्हा दोघांना बजावले आहे की, मी येईपर्यंत कोणी हातोडी लावायची नाही. पोराला मात्र त्यांनी बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. काय सांगितले ते तो आम्हाला सांगत नाही. रोज संध्याकाळी येतो आणि एका फुटक्या डब्याच्या पत्र्यावर तास-दीड तास सराव करून जातो.